एक संप्रेरक, अनेक ग्राही : अनुकंपी चेतासंस्थेवर औषधे कशी कार्य करतात

भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. त्या रात्रीतून जे वाचले त्यांपैकी अनेकांना श्वसनाचा विकार कायमचा जडला. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली ही माणसे आज पासष्टी-सत्तरीला आली आहेत. वयाबरोबर येणारा रक्तदाब आणि हृदयविकार आता त्यांच्याही वाट्याला आला आहे. त्यामुळे एकाच माणसाच्या औषधांच्या पिशवीत दम्याचा पंप आणि रक्तदाबाची गोळी शेजारी शेजारी असणे या शहरात नवलाचे राहिलेले नाही. ही दोन औषधे दोन वेगळ्या डॉक्टरांनी, दोन वेगळ्या कागदांवर लिहून दिलेली असू शकतात. रुग्णाच्या दृष्टीने एक छातीचे, दुसरे रक्तदाबाचे. परंतु शरीरात ज्या ठिकाणी ती काम करतात ते ठिकाण कधीकधी एकच असते, आणि मग पंपाने उघडू पाहिलेले दार गोळीने बंद धरून ठेवावे असा प्रकार घडतो.

हा प्रकार का घडतो हे समजण्यासाठी अनुकंपी चेतासंस्था आणि तिच्यावर चालणारी औषधे यांची तोंडओळख करून घेणे आवश्यक आहे. विषय वैद्यकशास्त्राचा असला तरी त्याचा गाभा सोपा आहे आणि विज्ञानेतर शाखांच्या शिक्षकांनाही तो सहज आकलन होण्यासारखा आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

इंग्रजीतील ‘सिंपथेटिक’ हा शब्द मूळ ग्रीक. सह आणि वेदना अशा दोन पदांतून तो बनला. शरीराचा एक अवयव दुखावला की दुसराही त्याच्याबरोबर दुखावतो, ही प्राचीन वैद्यांची समजूत त्यामागे आहे. १७३२ मध्ये पॅरिस येथे काम करणारे शरीररचनाशास्त्रज्ञ विन्सलो यांनी पाठीच्या कण्याच्या बाजूने जाणाऱ्या चेतातंतूंच्या साखळीला हे नाव दिले. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘अनुकंपी’ हा शब्द योजला गेला. दुसऱ्याच्या कंपनाबरोबर कंप पावणे, हा त्याचा धात्वर्थ. उर्दूतील ‘हमदर्दी’ तर मूळ ग्रीक शब्दाचे पदशः रूपच म्हणावे लागेल. तीन भाषांनी एकाच कल्पनेला आपापला पेहराव दिला, मात्र ज्या कल्पनेवरून नाव पडले ती कल्पना पुढे चुकीची ठरली. या चेतासंस्थेचा सहानुभूतीशी काहीही संबंध नाही. संकट समोर आले असता शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करणे, हे तिचे मुख्य काम.

‘अॅड्रेनलिन’ या शब्दाच्या बाबतीत मात्र मराठी परिभाषा अचूक उतरली आहे. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारखी बसलेली ग्रंथी ती ‘अधिवृक्क’. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, उर्दूतील गुर्दा. या ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने वाढतो हे १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी लंडनमध्ये दाखविले. १९०१ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

संस्थेची रचना आणि एक कोडे

अनुकंपी चेतातंतू मज्जारज्जूच्या छाती व कंबरेच्या भागातून निघतात आणि हृदय, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, आतडी, डोळ्याची बाहुली अशा असंख्य ठिकाणी पोचतात. तंतूच्या टोकाशी नॉरअॅड्रेनलिन हे द्रव्य पाझरते. अधिवृक्क ग्रंथीचा गाभा हा या संस्थेचाच एक भाग असून तो मुख्यतः अॅड्रेनलिन थेट रक्तात सोडतो. याच्या उलट वळणाची परानुकंपी चेतासंस्था विश्रांतीच्या, पचनाच्या काळात वरचढ असते आणि तिचे द्रव्य अॅसिटिलकोलिन हे आहे. घामाच्या ग्रंथी हा एक गमतीचा अपवाद. त्यांना जाणारे तंतू अनुकंपी, पण टोकाशी पाझरणारे द्रव्य अॅसिटिलकोलिन. हा अपवाद पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिल्यांदा वर्गावर उभ्या राहिलेल्या अध्यापकाला हे सर्व पाठ्यपुस्तकाविना ठाऊक असते. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात गार होतात, तळव्यांना घाम सुटतो. हातपाय गार पडतात ते त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. त्याच वेळी श्वासनलिका मात्र रुंदावतात, म्हणजे त्यांच्या भोवतीचे स्नायू सैल होतात. येथेच कोडे आहे. रक्तात अॅड्रेनलिन एकच. त्याने त्वचेच्या रक्तवाहिनीचा स्नायू आवळतो आणि श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो. हे कसे?

या कोड्याचा पहिला धागा १९०६ मध्ये हेन्री डेल यांच्या हाती लागला. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीचा अर्क त्यांनी मांजराला दिला आणि नंतर अॅड्रेनलिन टोचले. रक्तदाब वाढण्याऐवजी उतरला. अर्काने रक्तवाहिन्या आवळणारी क्रिया अडवली होती, सैल करणारी क्रिया तशीच शिल्लक होती, आणि ती आता एकटीच दिसू लागली होती. परंतु या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ लागण्यास चार दशके जावी लागली. १९४८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले रेमंड अॅल्क्विस्ट यांनी अॅड्रेनलिनसारखी अनेक द्रव्ये निरनिराळ्या अवयवांवर वापरून त्यांच्या जोराची क्रमवारी लावली. रक्तवाहिन्या आवळण्याच्या कामात जे द्रव्य सर्वांत दुबळे ठरले, तेच हृदयाला चेतविण्यात आणि श्वासनलिका सैल करण्यात सर्वांत बलवान ठरले. क्रमवारी दोन, तेव्हा ग्राहीही दोन प्रकारचे असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यांना अल्फा व बीटा ही नावे दिली. औषधशास्त्राच्या ज्या नियतकालिकाकडे हा निबंध प्रथम गेला त्याने तो परत पाठविला. शेवटी तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नाकारलेल्या निबंधांचे दुःख ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे या दोन प्रकारांचे उपप्रकार सापडले. अल्फा-१ रक्तवाहिन्या आवळतो आणि डोळ्याची बाहुली मोठी करतो. अल्फा-२ बराचसा चेतातंतूच्या टोकावरच असतो आणि पाझर आवरता घेण्याचे, म्हणजे लगामाचे काम करतो. बीटा-१ प्रामुख्याने हृदयावर असून त्याचे ठोके व जोर वाढवतो. बीटा-२ श्वासनलिका, गर्भाशय आणि हातापायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल करतो. मूत्राशय व चरबीच्या पेशींवरील बीटा-३ चा येथे केवळ उल्लेख पुरे.

ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर विणलेला प्रथिनाचा धागा. बाहेरच्या बाजूस अॅड्रेनलिन येऊन बसले की धाग्याचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आतील बाजूस निरोप जातो. अल्फा-१ च्या निरोपाने पेशीत कॅल्शियम सुटते आणि स्नायू आकसतो. बीटाच्या निरोपाने चक्रीय एएमपी नावाचे द्रव्य वाढते. हृदयाच्या स्नायूत ते जोर वाढवते, श्वासनलिकेच्या स्नायूत सैलपणा आणते. अर्थात निरोप तोच असला तरी ऐकणारी पेशी कोणती यावर परिणाम ठरतो. या ग्राहींच्या संशोधनासाठी रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधे कोठे हात घालतात

ग्राहीला कुलपाची आणि औषधाला किल्लीची उपमा नेहमी दिली जाते. ती बऱ्याच अंशी पुरते. काही औषधे खऱ्या किल्लीप्रमाणे बसतात आणि फिरतातही. ही उत्तेजक औषधे होत. काही बसतात पण फिरत नाहीत आणि दुसरी किल्ली आत जाऊ देत नाहीत. ही रोधक औषधे. १९६९ मध्ये बाजारात आलेले साल्ब्युटामॉल हे बीटा-२ चे उत्तेजक आहे. दम्याच्या निळ्या पंपात बहुधा तेच असते. सर्दीत नाकात घालायच्या थेंबांतील झायलोमेटाझोलिन अल्फा ग्राहींना चेतवून नाकाच्या आतील सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळते. ते आठवडेच्या आठवडे वापरल्यास नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, याचा अनुभव अनेकांना असेल. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात तयार केलेले प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-१ व बीटा-२ या दोहोंचे रोधक. अटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही मुख्यतः बीटा-१ ची रोधके. ‘मुख्यतः’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण मात्रा वाढली की ही निवड ढिली पडते आणि बीटा-२ वरही त्यांचा हात पडतो.

काही औषधे ग्राहीकडे जातच नाहीत. ती चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या साठ्यावर काम करतात. यातील एका औषधाचा इतिहास आपल्याकडचा आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. युनानी वैद्यकात ती असरौल या नावाने ओळखली जाते. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये तिच्या मुळातून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ हे नाव दिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या वापराचा निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर पाश्चात्त्य जगाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये वेगळे केलेले तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य चेतातंतूच्या टोकातील नॉरअॅड्रेनलिनचा साठाच रिकामा करते. कुलपे शाबूत, पण किल्ल्याच संपलेल्या, अशी ती अवस्था. पुढे मनाला येणाऱ्या खिन्नतेच्या तक्रारींमुळे आणि अधिक सोयीची औषधे आल्यामुळे त्याचा वापर मागे पडला.

महाडचा अनुभव

योग्य ग्राही ओळखणे म्हणजे काय, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कोकणातील आहे. रायगड जिल्ह्यातील महाड आणि परिसरात लाल विंचवाचा दंश हे मृत्यूचे, विशेषतः मुलांच्या मृत्यूचे, मोठे कारण होते. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून आलेले, नागपूरला वैद्यकीय पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेला रुग्ण येई तेव्हा त्याला उलट्या होत असत, घामाने अंग निथळत असे, तोंडातून लाळ गळत असे, हातपाय बर्फासारखे गार पडलेले असत. काही तासांत धाप लागून तोंडाशी गुलाबी फेस येई आणि रुग्ण दगावे. बावस्करांनी ही लक्षणे क्रमवार टिपली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या लक्षणांमागची यंत्रणा वर सांगितलेल्या रचनेतून उलगडते. लाल विंचवाचे विष चेतातंतूंवरील सोडियमची दारे बंद होऊ देत नाही. तंतू न थांबता संदेश पाठवत राहतात. दोन्ही चेतासंस्था एकाच वेळी पेटतात. लाळ, उलट्या हे परानुकंपी बाजूचे काम. घामही अॅसिटिलकोलिनचाच, हा मघाचा अपवाद. ही बाजू लवकर ओसरते. अनुकंपी वादळ मात्र चालू राहते. रक्तात अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिनचा पूर येतो, अल्फा-१ ग्राहींमुळे सर्वांगाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला बंद दारावर धडका मारल्याप्रमाणे रक्त ढकलावे लागते. शेवटी ते थकते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसात पाणी साचते.

त्या काळी अशा रुग्णाला स्टेरॉइड, अॅलर्जीविरोधी इंजेक्शने, गुंगीची मिश्रणे, अॅट्रोपिन असे जे हाताशी असेल ते दिले जाई. अॅट्रोपिनने लाळ व घाम थांबतो, त्यामुळे पाहणाऱ्यास बरे वाटते. पण ते परानुकंपी लगामच काढून घेते आणि आधीच धावणारे हृदय अधिक धावू लागते. बीटा-रोधक दिले तर दमलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर जातो आणि रक्तवाहिन्यांवरील अल्फाची पकड तशीच राहते. वाईट अवस्था दिसली म्हणून अॅड्रेनलिन टोचणे म्हणजे तर आगीत तेल. अॅलर्जीच्या तीव्र झटक्यात, उदाहरणार्थ मधमाशीच्या दंशाने रक्तदाब कोसळला असता, हेच अॅड्रेनलिन प्राण वाचवते. दंश दोन्हीकडे आहे, घाम दोन्हीकडे आहे. ग्राहींवर काय चालले आहे ते मात्र एकमेकांच्या उलट आहे.

बावस्करांनी विचार केला तो याच दिशेने. पकड अल्फा-१ ची असेल तर अल्फा-१ चे रोधक हवे. असे एक औषध बाजारात होते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विंचवाशी तिचा काही संबंध असेल असे कोणाला सुचले नव्हते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती दंशाच्या रुग्णांना देण्यास सुरुवात केली आणि त्यांचा अनुभव १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत, अशी ती पद्धत. हातपाय कोमट होणे ही खूण खर्चिक यंत्राशिवाय कोणत्याही आरोग्य केंद्रात तपासता येते. रक्तवाहिन्या मोकळ्या होताच रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून गोळी दिल्यावर मुलाला उभे उचलून घेऊ नये, असाही दंडक त्यांनी घालून दिला. खेड्यात आजारी मूल खांद्याशी धरून फिरवण्याची रीत असल्याने ही सूचना वाटते त्याहून मोलाची होती. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी सुमारे ३० टक्के होते, ते १ टक्क्याच्या आसपास आले.

यानंतर मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणारी विंचवाच्या विषावरील लसही उपलब्ध झाली. लस रक्तातील विष निकामी करते, प्राझोसिन विषाने उठवलेल्या वादळाला ग्राहीपाशी अडवते. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर या दोहोंची तुलना केली आणि ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. दहा तासांच्या अखेरीस लस व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. म्हणजे आपल्याच पूर्वीच्या उपचाराची उणी बाजू त्यांनी स्वतः मोजून दाखविली. २०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली. परंतु या संशोधनाचे खरे महत्त्व एका तालुक्याच्या गावी, रुग्ण तपासता तपासता ते झाले, यात आहे.

भोपाळच्या संदर्भात

महाडप्रमाणे भोपाळमध्येही त्या रात्री माणसे फुप्फुसात पाणी साचून गेली. पण तेथे अनुकंपी वादळ हे कारण नव्हते. वायूने फुप्फुसाचे नाजूक अस्तरच जाळले होते आणि त्यातून द्रव झिरपत होता. अल्फा-रोधकाने तेथे काही साधले नसते. मृत्यूच्या दाखल्यावर शब्द एकच उमटतो, यंत्रणा निराळी असते.

जे वाचले त्यांच्या श्वसनाची पाहणी १९९४ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केली आणि तिचे निष्कर्ष १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. दहा वर्षांनंतरही लहान श्वासनलिकांमध्ये अडथळा कायम होता, आणि जितके घर कारखान्याजवळ तितका त्रास अधिक. या अडथळ्याचे दोन भाग पडतात. नलिकेभोवतीचा स्नायू आकसल्यामुळे होणारा अडथळा साल्ब्युटामॉलने सुटतो, कारण त्या स्नायूवर बीटा-२ ग्राही आहेत. नलिकेची भिंत व्रण भरून घट्ट झाल्यामुळे होणारा अडथळा सुटत नाही, कारण व्रणाच्या ऊतीला सैल होता येत नाही. पंप ओढूनही पुरता आराम पडत नाही, ही तक्रार करणाऱ्यास वहमी ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु जो भाग सुटण्यासारखा आहे तो तरी मोकळा राहावा, हे औषधांच्या निवडीवर अवलंबून आहे. प्रोप्रॅनोलॉल केवळ रक्तदाबासाठी दिले जात नाही. अर्धशिशी, हातांचा कंप, थायरॉइडचा विकार, परीक्षेची वा मुलाखतीची धास्ती अशा कारणांनीही ते लिहून दिले जाते, आणि विद्यार्थी ते एकमेकांच्या सांगण्यावरून घेतात हे शिक्षकांनी जाणून असावे. ज्याच्या श्वासनलिका आधीच अरुंद आहेत त्याच्या बीटा-२ ग्राहींवर हे औषध जाऊन बसले तर शरीराचे स्वतःचे अॅड्रेनलिन तेथे पोचत नाही आणि दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. याहून फसवे आहेत ते काचबिंदूचे थेंब. टिमोलॉल हेही बीटा-१ व बीटा-२ या दोहोंचे रोधक. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तेथून थेट रक्तात शिरतो आणि श्वासनलिकेपर्यंत जातो. डोळ्याच्या थेंबांना औषध म्हणून सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. छातीच्या डॉक्टरांनी ‘काय काय औषधे चालू आहेत’ असे विचारल्यावर रुग्ण गोळ्यांची पाने काढून दाखवतो, थेंबांची बाटली घरी फळीवर राहते. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा दोन-तीन मिनिटे बोटाने दाबून धरल्यास नाकात उतरणारे औषध कमी होते, पण दमा असलेल्यास दुसऱ्या गटाचे थेंब मागून घेणे हाच बरा मार्ग. चालू असलेला बीटा-रोधक मात्र रुग्णाने आपल्या मनाने एकाएकी सोडू नये. दीर्घकाळ अडवलेले ग्राही संख्येने वाढलेले असतात, आणि अडसर निघताच हृदयावर त्यांचा एकदम मारा होतो.

झटका आलाच आणि पंप पुन्हा पुन्हा ओढूनही छाती मोकळी होत नसेल, तर रुग्णाला इस्पितळात नेताना सोबत थेंबांची बाटलीही न्यावी. बीटा-२ ची दारे अडलेली आहेत हे कळले की डॉक्टरांना दुसरी वाट धरता येते. इप्राट्रोपियम नावाचे औषध परानुकंपी बाजूने श्वासनलिका सैल करते, त्याला बीटा ग्राहींची गरज लागत नाही.